बेशरम व इतर

दामिनीच्या वह्यांमध्ये 'इत्यादी' हा शब्द सापडायचा नाही. 'बरेच', 'काही', 'सुमारे' हे शब्द तर तिला शिवीसारखे वाटत. साकोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला तिने गांडुळाच्या अंगावरची वलयं मोजून लिहिली होती, एकशे सतरा. बाई म्हणाल्या होत्या, पुस्तकात शंभर ते एकशेवीस दिलंय, तेवढं लिही. तिने लिहिलं नव्हतं. तिची आई कुंताबाई शेजारणींना सांगायची, "आमची दामिनी भाजीत मीठ टाकते ना, तं खडे मोजून टाकते."

अशा मुलीने आयुष्यात एकदाच 'इतर' लिहिलं, आणि तेही सरकारी कागदावर.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. सानगडीच्या पुढे, रस्त्यापासून आत, मोहबोडी गावात हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी उरकली होती. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, कापलेल्या पेंढ्यांचे पुंजणे रचून झाले होते. भारी धान मात्र अजून उभं होतं आणि शेवटच्या पाण्याची वाट बघत होतं. मंगळवारी दुपारी दामिनी अंगणात धान वाळवत असताना तिला तलावाकडून यंत्राचा आवाज आला. सुरुवातीला वाटलं, कोणाचं तरी धान चुरणं, मळणी, चाललं असेल. पण आवाज थांबत थांबत, गुरगुरत येत होता. धान चुरणारं यंत्र असं थांबत नाही. तिने हातातलं फावडं भिंतीला टेकवलं आणि दुर्बीण घेऊन ती निघाली.

गावाच्या मागे मोठा तलाव होता. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाची जुनी झाडं होती. त्यातल्या तिसऱ्या झाडाखाली दगडावर बसून दामिनी तीन हिवाळे भोवत्या मोजत होती. भोवत्या हा घार-गरुडांच्या गोतातला शिकारी पक्षी. पंख लांब, उडणं संथ, जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून. हजारो किलोमीटर उत्तरेकडून तो ऑक्टोबरात येतो, दिवसभर बांध्यांवरून फिरत उंदीर आणि नाकतोडे टिपतो, आणि होळीच्या आधी परत जातो. धान निघताना येतात आणि काम झालं की जातात, म्हणून गावातले म्हातारे त्यांना 'पावने' म्हणत.

या पाहुण्यांची एक गोष्ट दामिनीला पहिल्या हिवाळ्यात कळली होती आणि तिथपासून तिला चैन नव्हतं. एवढे मोठे असून हे पक्षी झाडावर झोपत नाहीत. ते जमिनीवर झोपतात, उभ्या गवतात आणि पानकणसात, घोटाभर पाण्याच्या आसऱ्याने, म्हणजे कोल्हा आला तर पाय वाजतात. तलावाच्या पश्चिम अंगाला असं चार एकर उभं गवत होतं. दिवसभर चारी दिशांना विखुरलेले भोवत्या सूर्य बुडताना एकेक करून तिथे यायचे, घिरट्या घालायचे, खाली उतरायचे, पुन्हा उठायचे, आणि अंधार पडता पडता गवतात गडप व्हायचे. गेल्या वर्षी तीन डिसेंबरला तिने एक्केचाळीस मोजले होते. काल संध्याकाळी सत्तावीस होते. रात्रीचं असं दुसरं ठिकाण तिला अख्ख्या जिल्ह्यात ठाऊक नव्हतं.

आता त्या चार एकरांत एक पिवळं यंत्र उभं होतं. त्याच्या लोखंडी पंज्यात पानकणीस मुळासकट लटकत होतं आणि काळं पाणी ठिबकत होतं. काठाजवळचा जवळपास एक एकर उघडा पडला होता. नुसता चिखल. चिखलावर दोन टिटव्या ओरडत धावत होत्या.

आणि या सगळ्याच्या मागे, काठावर, नवा मनोरा उभा होता. सिमेंटचे चार खांब, वर पत्र्याचं छप्पर, निळा रंग, आणि पाटी: पक्षी निरीक्षण मनोरा. शुक्रवारी त्याचं उद्घाटन होतं.

ती चिखलातून चालत यंत्रापर्यंत गेली. काम बघायला ठेकेदाराचा माणूस होता, बाबूलाल. डोक्याला गमछा, हातात कागदांची फाईल.

"मशीन थांबवा."

"काहून मॅडम? काम चालू आहे."

"हे काय काढून राहिले तुम्ही?"

"बेशरम." बाबूलालने फाईल थोपटली. "बेशरम काढाचं काम आहे. आर्डर आहे."

दामिनीने आजूबाजूला पाहिलं. बेशरमाची झुडपं तलावाच्या कोपऱ्यात होती, सांडव्याजवळ. जांभळी फुलं, दांडे मनगटाएवढे, कुठेही लावा, कितीही तोडा, पुन्हा येणार. त्याचं एक पानही तुटलेलं नव्हतं.

"बेशरम ते आहे." तिने बोट दाखवलं. "हे देवधान आहे. हे पानकणीस आहे. हे बेशरम नाही."

"तिथं गाळ लय खोल आहे मॅडम, मशीन फसते. म्हनून इकडून सुरू केलं. नरम आहे, पटापट निघते."

"म्हणजे जे काढायचं ते ठेवलं आणि जे ठेवायचं ते काढलं?"

"कागदावर सगळंच काढाचं लिहून आहे. हे पाहा." त्याने फाईल उघडून तिच्यापुढे धरली. त्याला तिच्याशी भांडायचं नव्हतं. उलट तो तिला मदत केल्यासारखा बोटाने ओळ दाखवत होता. "बेशरम व इतर वनस्पती काढणे. पश्चिम अंग. चार एकर."

दामिनीने ओळ वाचली. मग खाली जोडलेला कागद पाहिला, आणि तिचे कान गरम झाले.

तो कागद तिचाच होता. गेल्या वर्षी भंडाऱ्याच्या सरकारी कार्यालयातून तलावाच्या माहितीचा फॉर्म आला होता आणि गावात तो भरण्याजोगं दुसरं कोणी नव्हतं. पक्ष्यांच्या रकान्यात तिने बासष्ट जातींची नावं लिहून वेगळं पान जोडलं होतं. कोणत्या अंगाला किती, कोणत्या महिन्यात किती, सगळं. त्याखालचा रकाना होता 'पाण्यातील व काठावरील वनस्पती', चार बोटं रुंद. त्या वेळी संध्याकाळ झाली होती आणि पहिला भोवत्या पाळीवरून आत येताना दिसला होता. तिने घाईघाईने लिहिलं, 'बेशरम व इतर – पश्चिम अंग, अंदाजे चार एकर', खाली सही केली आणि दुर्बीण उचलली.

मनोरा पश्चिमेला का बांधला, हेही आता उघड झालं. तिच्याच पानावर लिहिलेलं होतं, पश्चिम अंगाला पक्षी जास्त. जिथे पक्षी जास्त तिथे मनोरा. आणि मनोऱ्यावरून पाणी दिसत नाही, मध्ये गवत येतं, तर गवत काढा. ते तरी कोणतं? मॅडमनी लिहून दिलंच आहे.

"सही तुमचीच ना मॅडम?" बाबूलाल आदराने म्हणाला.

ती यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. चालवणाऱ्याने यंत्र बंद केलं, बिडी पेटवली. पंधरा मिनिटांत सरपंच पुंडलिकराव मोटारसायकलवर आले. ते दामिनीच्या वडिलांचे चुलतभाऊ लागत.

"काय चालवलं बेटा? शुक्रवारी जिल्ह्यातून पावने येऊन राहिले. आपल्या गावात आजपर्यंत कोनी आलं का?"

"पाहुणे आधीच आलेले आहेत, काका. सत्तावीस. त्यांची झोपायची जागा खणून राहिले हे."

"अवो, पक्षी आहे ते. आज इथं, उद्या तिथं. तलाव काय एकच आहे का? तू शिकली-सवरली. मनोऱ्यावर मानूस चढला तं त्याले पानी दिसलं पायजे का नाई?"

"मनोरा पक्षी पाहायला आहे की पाणी?"

"दोनी," पुंडलिकराव म्हणाले. मग थोडं वळून, आवाज खाली घेऊन, "आणि लिहून तं तूच देल्लं."

तेवढं एक वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. दामिनीला राग आला. तो त्यांच्यावर होता, बाबूलालवर होता, न पाहता कागदावरून कागद उतरवणाऱ्या त्या कोणा माणसावर होता, आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यांहून घट्ट, स्वतःवर होता. प्राणिशास्त्राची मुलगी. पक्ष्याच्या शेपटीवरच्या पट्ट्या मोजणारी. आणि तो पक्षी ज्यात झोपतो, ते तिच्या लेखी 'इतर'.

सरपंचांनी तिला बाजूला घेतलं आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. चार वाजता डिझेल संपत आलं म्हणून ते गावात परत गेलं. तोवर सव्वा एकर गेलं होतं.

संध्याकाळी ती तिसऱ्या मोहाखाली बसली. साडेपाचला पहिली मादी आली, गडद तपकिरी, डोकं सायीच्या रंगाचं. ती सरळ रोजच्या जागेवर आली, पंख उंच धरून खाली उतरू लागली, आणि चिखलावर हातभर उंचीवरून पुन्हा उठली. तीनदा. मग दुसरा आला, तिसरा आला. अंधार होईपर्यंत दामिनीने सत्तावीस येताना मोजले आणि एकोणीस उतरताना. आठ पक्षी उत्तरेकडे निघून गेले. कुठे गेले, हा प्रश्न तिच्या वहीत बसण्यासारखा नव्हता.

"किती?" मागून सोमाजीने विचारलं.

सोमाजी हा गावाचं पाणी सोडणारा. पाळीच्या पोटात जुना दगडी तुडूम होता, तलावाचं पाणी शेतांकडे सोडायचं तोंड. तो उघडायचा आणि लावायचा हक्क सोमाजीचा, त्याच्या आधी त्याच्या बापाचा. वय सत्तरच्या वर असेल. तीन हिवाळे तो संध्याकाळी येऊन तिला हा एकच प्रश्न विचारायचा.

"एकोणीस, आबाजी. काल सत्तावीस होते."

सोमाजी उघड्या चिखलाकडे बघत राहिला. "माया बापानं त्या अंगाले कधी विळा लावू देल्ला नाई. म्हने, देवधान देवाचं आहे. पेरलं कोनी नाई तं कापाचा हक कोनाचा? बायका आपल्या ऋषिपंचमीले झाडून घेऊन जात."

"मीच लिहून दिलं, आबाजी."

"वाचलं मी. पुंडलिक गावभर दाखवून राहिला." तो काठी टेकत उठला. "परवा भारी धानाले अखरीचं पानी सोडाचं होतं. पाहू."

तो तुडुमाकडे निघाला, पण दामिनीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. घरी गेल्यावर तिने कोरा कागद काढला आणि चुलीपाशी बसली.

"आई, पश्चिमेकडच्या गवतात काय काय आहे? सगळं सांग."

"म्हंजे?"

"जे जे उगवते ते. नाव सांग."

दामिनीला स्वतःला अकरा माहीत होती, तीही पुस्तकातल्या नावांनी. कुंताबाईने भाकरी थापता थापता सुरुवात केली. देवधान. परसूड. गाद. चौरा. चिल. पोवन. कमळ, ज्याची ढेस, चिखलातला कंद, बाजारात विकायला नेतात. शिंगाडा. नाळीची भाजी. वाळा. लव्हाळा, बारीक आणि मोठा, दोन धर. शेजारची रंभाबाई तांदूळ मागायला आली आणि बसलीच. "आन ते पांढऱ्या फुलाचं? ज्याचं पान घसा दुखला तं चावतात?" दोघी त्याच्या नावावरून भांडल्या. दामिनीने दोन्ही नावं लिहिली. जेवायच्या आत चौतीस झाली. पक्ष्यांच्या बासष्ट नावांपेक्षा कमी, पण त्या बासष्टांपैकी निम्मे या चौतिसांवर जगणारे.

"इतके दिवस काहून नाई विचारलं?" कुंताबाई म्हणाली. टोमणा नव्हता, म्हणूनच लागला.

बुधवारी पहिल्या एसटीने दामिनी भंडाऱ्याला गेली. फॉर्म जिथून आला होता त्या कार्यालयातले साहेब साडेअकराला आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि फॉर्म बघितल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला, जणू अडचण होती ती सुटली.

"पण हे तर तुम्हीच दिलंय."

"हो. माझी चूक झाली. म्हणूनच आले. ही दुरुस्ती." तिने यादी पुढे ठेवली. "इतर म्हणजे या चौतीस वनस्पती. यातली एकही काढायची नाही. काढायचं ते फक्त बेशरम, ते सांडव्याजवळ आहे, अर्धा एकर."

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "छान आहे. संशोधनाच्या दृष्टीने फार छान. पण कसं आहे, काम मंजूर झालंय. मंजूर कामात शब्द बदलायचा तर ग्रामपंचायतीकडून प्रस्ताव यायला हवा. ठराव, मग आमची पाहणी, मग..."

"तोवर गवत संपेल."

"पक्षी दुसरीकडे बसतील ना. झाडं आहेत एवढी."

"ते झाडावर झोपत नाहीत. गवतात झोपतात, जमिनीवर."

"घार जमिनीवर?" साहेब हसले. "ताई, मी पण खेड्यातलाच आहे."

"घार नाही. भोवत्या."

"तेच ते."

तेच ते! दामिनीने कप खाली ठेवला. तिला सांगायचं होतं की तेच ते म्हटल्यानेच हे सगळं झालंय. आधी मी म्हटलं, मग तुम्ही, मग यंत्राने. पण समोरचा माणूस घड्याळाकडे बघत होता. त्याने यादीवर 'पाहिले' असं लिहिलं, तारीख टाकली, आणि कागद परत दिला. सही नाही, शिक्का नाही. 'पाहिले.' एसटीत बसून लाखनीपर्यंत ती त्या एका शब्दाकडे बघत होती. काय पाहिलं? कोणी? यादीतल्या चौतिसांपैकी एक तरी या माणसाने आयुष्यात पाहिलं होतं का?

दुपारी दोनला ती मोहबोडीत उतरली तेव्हा यंत्राचा आवाज येत नव्हता. ती जवळपास पळतच तलावाकडे गेली. काम संपलं असेल, हीच भीती होती. पण गवत कालच्याइतकंच होतं. यंत्र तलावात नव्हतंच. ते पाळीच्या खालच्या वाटेवर, गावापासून शंभर पावलांवर, पुढचं चाक अर्धं गाळात रुतवून तिरकं उभं होतं. वाटेवरून पाणी वाहत होतं, स्वच्छ, थंड, तलावाचं पाणी. पाट तुडुंब भरून वाटेवर आला होता.

वाटेच्या कडेला बाबूलाल गमछा सोडून बसला होता. पुंडलिकराव धोतर वर खोचून उभे होते. समोर सोमाजी काठीवर हनुवटी टेकवून.

"तुडूम लाव ना बुवा," बाबूलाल म्हणत होता. "दोन घंट्यात वाट सुकते, मशीन निकलून जाते. सकाळपासून सांगून राहिलो."

"लावता येत नाई."

"काहून लावता येत नाई?"

"अखरीचं पानी आहे. एकदा सोडलं का शेवटच्या शेताले पानी भेटल्याबगर तुडूम लावत नाई. रीत आहे. माया बापाच्या आदीपासून आहे. मधात लावलं तं खालच्याइनं काय माती खावाची?"

"कधी भेटते शेवटच्या शेताले?"

"शुक्रवारी सांजच्याले."

बाबूलालने सरपंचांकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही सांगा ना. तुम्ही सरपंच आहे."

पुंडलिकराव पाट जिकडे जात होता तिकडे बघू लागले. दामिनीला आधी कळेना, मग एकदम कळलं. पाटाच्या शेवटाला, रेल्वेच्या बाजूला, दोन एकर भारी धान होतं. पोटरी भरून उभं. गेल्या वर्षी पाणी पोहोचलं नाही म्हणून पुंडलिकरावांनीच ग्रामसभेत सोमाजीवर आवाज चढवला होता. शेवटचं शेत सरपंचांचं होतं.

"उद्या सोडणार होते ना, आबाजी?" तिने हळूच विचारलं.

"धानानं तोंड वासलं होतं. दिसलं मले." सोमाजीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "मी काई केलं नाई बापा. धानाले पानी सोडलं."

"सोमाजी," पुंडलिकराव शेवटी म्हणाले, "माया शेतात पुरतं येऊ दे मंग. अर्धवट नको करू."

बाबूलालने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, गमछा झटकला आणि डोक्याला बांधला. "बेशरम तं या गावचे लोक आहे," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

शुक्रवारी तीनला उद्घाटन झालं. मनोऱ्याला झेंडूच्या माळा, खाली सतरंज्या, भोंगा, जिल्ह्यातून आलेले पाहुणे, साहेब, शाळेची मुलं, आणि गावातल्या बायका, कारण कुंताबाईने आणि रंभाबाईने घरोघरी जाऊन बोलावलं होतं. पाहुणे मनोऱ्यावर चढले, दुर्बिणीतून पाण्यावरची तलवार बदकं पाहिली, टाळ्या झाल्या. मग साहेब बोलायला उभे राहिले.

"इथे आपण विकास आणि निसर्ग यांचा समतोल साधला आहे," ते म्हणाले. "दर्शनासाठी थोडा भाग मोकळा केला, आणि उरलेला भाग पक्षी व इतर जीवांसाठी मुद्दाम राखून ठेवला."

दामिनी पहिल्या ओळीत बसली होती. मुद्दाम राखून ठेवला. तिच्या डोळ्यांपुढे वाटेवरचं पाणी आलं, तिरकं यंत्र, सोमाजीची काठीवरची हनुवटी. उद्घाटन संपलं की वाट सुकणार होती. सोमवारी यंत्र पुन्हा आत येणार होतं, कारण कागदावर अजूनही चार एकरच होते.

"आता आपल्या गावच्या पक्षीमित्र दामिनीताई दोन शब्द बोलतील," कोणीतरी भोंग्यावरून म्हणालं.

ती उठली. तिने भाषण लिहून आणलं नव्हतं. यादी आणली होती.

"साहेब म्हणाले, इतर," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मीही फॉर्मवर इतर लिहिलं. त्या एका शब्दावरून या तलावाचं सव्वा एकर मंगळवारी खणून टाकलं. माझी चूक आहे, मी ती सगळ्यांसमोर सांगते. उरलेलं कोणी राखून ठेवलेलं नाही. वाटेत पाणी होतं म्हणून ते उरलं. आता इतर म्हणजे काय, ते वाचते."

तिने वाचायला सुरुवात केली. देवधान. परसूड. गाद. एकेक नाव, मध्ये थांबून. पाहुण्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे. दहाव्या नावानंतर सतरंजीवर हालचाल सुरू झाली. बाराव्याला ती अडखळली, तर मागून रंभाबाईचा आवाज आला, "तसं नाई म्हनत ते," आणि तिने नीट नाव सांगितलं. मग बायकाच पुढची नावं सांगू लागल्या, काही दामिनीच्या आधीच. शाळेची मुलं ओरडू लागली, शिंगाडा, शिंगाडा. यादीत नसलेली दोन नावं आली. दामिनीने भोंग्यासमोरच पेन काढून ती लिहिली. छत्तीस.

"संपलं का?" साहेबांनी हसतमुखाने विचारलं.

"एक ओळ राहिली." तिने कागद उलटा केला. मागे तिने रात्रीच लिहून ठेवलं होतं. "या यादीतील एकही वनस्पती काढू नये. काढायची ती फक्त बेशरम. साहेब, यावर सही हवी. परवा तुम्ही 'पाहिले' लिहिलंय. पाहिलंय, तर सही करायला हरकत नसावी."

पाहुण्यांनी मान डोलावली, बहुधा लवकर निघायचं होतं म्हणून. सगळं गाव साहेबांच्या हाताकडे बघत होतं. साहेबांनी सही केली.

"शिक्का मात्र ऑफिसात राहिला," ते म्हणाले. "पाठवून देतो."

"गाडीत आहे ना साहेब," गर्दीतून बाबूलाल म्हणाला, मनापासून मदत करत. "मायासमोर मघाशी ड्रायवरनं डब्यात ठेवला. आनू का?"

त्याने आणला.

पाहुणे निघताना दामिनीपाशी थांबले. "पक्षी साधारण किती वाजता दिसतात?"

"भोवत्या साडेपाचला येतात. तासाभराने."

"अरेरे. पुन्हा कधीतरी," ते म्हणाले, आणि चार वाजून वीस मिनिटांनी तीन गाड्या पाळीवरच्या अरुंद वाटेने, जिथे यंत्र मावत नव्हतं, धूळ उडवत गेल्या. निळ्या मनोऱ्यावर झेंडूच्या माळा हलत राहिल्या. वर कोणी नव्हतं.

दामिनी मनोऱ्यावर गेली नाही. तिसऱ्या मोहाखाली बसली. पहिली मादी पाच बत्तीसला आली, चिखलावरून गेली, उरलेल्या गवतावर वळली, उतरली. मग एकामागून एक. तिने मंगळवारचं पान उघडून शेजारी ठेवलं होतं. सत्तावीस, एकोणीस. आज एकवीसवर आकडा थांबला. तिने आकड्याखाली कारणाचा रकाना आखला आणि त्यात पूर्ण वाक्य लिहिलं: 'पश्चिम अंगाचे सव्वा एकर उभे गवत यंत्राने काढले, माझ्या फॉर्मवरील एका शब्दामुळे.' तो शब्द कोणता, तेही लिहिलं. मग यादीचा शिक्का मारलेला कागद घडी करून वहीत ठेवला. सोमवारी ग्रामपंचायतीत एक प्रत द्यायची, भंडाऱ्याला एक, बाबूलालला एक. बाबूलालला आधी.

पाळीच्या खालून सोमाजी आला. पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

"पुंडलिकच्या शेतात पानी पोचलं. पुरतं." तो तुडुमाच्या दगडी पायऱ्यांकडे वळला. "लावू का आता?"

उत्तरेकडे, धानावरच्या धुक्यात, दामिनीला काहीतरी हलताना दिसलं. तिने दुर्बीण उचलली.

"थांबा आबाजी," ती म्हणाली. "एक अजून येऊन राहिला."